किल्ली हातात येण्यापूर्वी



अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येकाला वाटते. घरमालकाला वाटते, घर घेणाऱ्याला वाटते आणि एजंट तर ते छातीठोकपणे सांगतो. ही समजूत चुकीची आहे. ३१ मार्च २००० पासून चुकीची आहे. तरीही स्टॅम्प पेपरवर टाइप केलेले, नोटरीचा शिक्का मारलेले अकरा महिन्यांचे कागद आजही माझ्या टेबलावर येतात. आणि येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. डिपॉझिट अडकलेले असते, किंवा कुलूप बदललेले असते.

या कागदांमागची माणसे तुम्हाला ठाऊक आहेत. मराठवाड्यातून पुण्यात आलेली नर्स, सदाशिव पेठेत एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार मुले, ठाण्याला बदली झालेले बँकेतले जोडपे, घटस्फोटानंतर मुलाला घेऊन वेगळी राहणारी बाई. भाड्याचे घर म्हणजे आयुष्यातला तात्पुरता टप्पा, असे ही माणसे धरून चालतात आणि हक्कांचा विचार स्वतःचे घर होईल तेव्हावर टाकतात. तो टप्पा मात्र दहा-पंधरा वर्षे चालतो. कित्येकांचा जन्मभर चालतो.

खासगी मालकाकडून घर घेणाऱ्याला आपल्या राज्याचा कायदा आज थोडेच देतो, पण लोकांना वाटते त्यापेक्षा बरेच अधिक देतो. आणि जे देतो, त्यातले बहुतेक किल्ली हातात येण्यापूर्वीच पदरात पाडून घ्यावे लागते. आज मला हे तुमच्यापुढे मांडायचे आहे. कायदा जिथे काहीच देत नाही, त्या जागेकडेही मी शेवटी बोट दाखवणार आहे.

कायद्याची आजची रचना समजायला थोडे मागे जावे लागेल. मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये आले. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच जुन्या जागांचे प्रमाण भाडे ठरले. गिरगावातल्या चाळी, लालबाग-परळच्या खोल्या, पुण्याच्या पेठांतले वाडे या सगळ्यांना त्याने मोठा आधार दिला. मालकाच्या लहरीवर गिरणी कामगाराचे बिऱ्हाड रस्त्यावर येणे थांबले. त्या कायद्याला आज नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. पण भाडे अर्धशतक जागचे हलले नाही. दुरुस्तीला पैसा उरला नाही, पागडीचा चोरटा व्यवहार वाढला आणि इमारती खचत गेल्या. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे गोठवलेले भाडे आता वाजवी म्हणता येणार नाही.

दरम्यान मालकांनी दुसरी वाट शोधली होती. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात ‘परवाना’ नावाची एक तरतूद आहे. जागेत कोणताही हितसंबंध निर्माण न करता ती फक्त वापरायला द्यायची. मालकांनी भाडेपट्टा देणे बंद केले आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ देणे सुरू केले. कागदावर परवाना, प्रत्यक्षात भाडे. कोर्टांत यावरून असंख्य खटले चालले. मग सरकारने कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो परवान्यावर राहत होता त्याला भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दिवशी राहत असलेल्यांचे कल्याण झाले. नंतर घर शोधणाऱ्यांचे मात्र हाल झाले, कारण घर दिले तर ते हातचे जाईल या धास्तीने मालकांनी फ्लॅट कुलूप लावून ठेवले. ती धास्ती घालवण्यासाठी १९८० च्या दशकात मुदत संपताच परवानाधारकाला झटपट बाहेर काढण्याची सोय कायद्यात आली. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा यांचे निरनिराळे कायदे रद्द करून सगळ्या राज्यासाठी एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला, तेव्हा ती सोय त्यात तशीच उतरली.

त्यामुळे आपल्याकडे घर भाड्याने घेणाऱ्यांच्या दोन जाती झाल्या आहेत. जुना पागडीचा भाडेकरू कायद्याने चांगलाच राखलेला आहे. तो प्रमाण भाडे भरत असेल तर कायद्यात नमूद कारणांवाचून त्याला काढता येत नाही. मालकाला स्वतःसाठी खरोखर गरज असणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, सबळ कारण नसताना सहा महिने जागा न वापरणे, अशी ती कारणे आहेत आणि ती कोर्टात सिद्ध करावी लागतात. भाडे थकले तरी मालकाला आधी लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावे लागते. वार्षिक भाडेवाढ चार टक्के. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. घेतलेल्या पैशाची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. तुमच्यापैकी जे अशा घरात राहतात त्यांना मी एवढेच सांगेन, की पावत्या जपा आणि घर बंद ठेवून वर्षभर मुलाकडे जाऊन राहू नका. पुनर्विकासाचा विषय मोठा आहे, त्याला वेगळे व्याख्यान लागेल.

आजचा बहुतेक व्यवहार दुसऱ्या जातीचा आहे. त्याला सगळे भाडेकरूच म्हणतात, पण कायद्याच्या लेखी तो परवानाधारक असतो. त्याचे बोलणे कलम ५५ पासून सुरू करायला हवे.

नोंदणीच्या १९०८ च्या केंद्रीय कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिने तिथून आले. वर्षाच्या आत राहायचे, म्हणजे नोंदणी टळली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. कलम ५५ म्हणते, की भाड्याचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा, प्रत्येक करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवला गेला पाहिजे. मुदत कितीही असो. ही जबाबदारी कोणाची? मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नोंदवलेला करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असेल तर तसे मालकाने सिद्ध करायचे.

हे वाक्य मी माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलांना दोनदा वाचून दाखवते. नोंदणी केली नाही म्हणून आपण उघडे पडलो, असे त्यांना वाटत असते. कायदा उलट बोलतो. अर्थात याचा भरवसा धरून कोणी नोंदणी टाळू नये. कोर्टात म्हणणे ग्राह्य धरले जाणे आणि कोर्टाची पायरीच चढावी न लागणे, यांत वर्षांचे अंतर आहे.

खर्चाचे कारण पुढे केले जाते, म्हणून हिशेबच करू. वीस हजार रुपये महिना भाडे, एक लाख डिपॉझिट आणि दोन वर्षांची मुदत धरा. भाडे झाले चार लाख ऐंशी हजार. परत करायच्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के व्याज मानून ते मुद्रांकासाठी मिळवतात, म्हणजे वीस हजार. एकूण पाच लाख. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे १,२५० रुपये. शहरात नोंदणी शुल्क एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. हाताळणीचे किरकोळ पैसे आणि एजंटचा मोबदला सोडला, तर दोन वर्षांच्या निवाऱ्याच्या कायदेशीर कागदाला शहरात साधारण सव्वादोन हजार पडतात. आता हे ऑनलाइनही होते. आधार आणि अंगठा घेऊन घरी बसून नोंदणी करता येते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवा. नोटरी फक्त सह्या कोणी केल्या ते पाहतो.

आता याची दुसरी बाजू. कलम २४ सांगते, की परवान्याचा करार लेखी असेल तर त्यात लिहिलेल्या गोष्टींचा तो निर्णायक पुरावा असतो. म्हणजे कागदावर सही झाली, की ‘तोंडी वेगळे ठरले होते’ हे म्हणणे चालत नाही. एजंट स्कूटरवर मसुदा घेऊन येतो, पानापानावर फुल्या करतो आणि इथे इथे सही करा म्हणतो. त्या फुल्यांवर सही करताना तुम्ही पुढची दोन वर्षे कशी जातील ते ठरवत असता. मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या, मराठीत मागा, घरी बसून वाचा. मराठीत करार करायला कोणतीही आडकाठी नाही. तुम्हाला न समजणाऱ्या इंग्रजीत तुमच्या घराच्या अटी लिहून घेण्याचे कारण काय?

वाचताना काय पाहायचे? भाडे आणि मुदत सगळेच पाहतात. मी सर्वांत आधी डिपॉझिटचे वाक्य शोधते. ‘घर सोडल्यानंतर परत करण्यात येईल’ असे लिहिलेले असते. कधी? ‘जागेचा ताबा परत देतेवेळी, त्याच क्षणी’ असे लिहून घ्या. किती कापता येईल, कशासाठी कापता येईल, बिलाशिवाय कापता येणार नाही, उशीर झाला तर व्याज किती, हे सगळे त्यातच हवे. रंगकामावर सर्वाधिक भांडणे होतात. दोन वर्षे माणसे राहिली की भिंती मळतातच. तो वापर झाला, नुकसान नव्हे. भिंतीत पाण्याची गळती असेल तर ती तुम्ही केलेली नाही. राहायला जाताच प्रत्येक खोलीचे, नळाचे, गिझरचे, खिडकीच्या काचेचे तारखेसह फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. आणि डिपॉझिट रोख देऊ नका. ‘कागदावर पन्नास, हातात दीड लाख’ ही मागणी आली, तर ते वरचे एक लाख बहुधा गेलेच असे समजा. त्या पैशाचा कोणताही लेखी मागमूस राहत नाही.

लॉक-इनचे वाक्य एकतर्फी आहे का तेही पाहा. तुम्ही सहा महिन्यांत सोडले तर डिपॉझिट जप्त, आणि मालक मात्र महिनाभराच्या नोटिशीवर काढू शकतो, असे कितीतरी करार मी पाहिले आहेत. बंधन असेल तर दोघांना असावे. मालकाने घर पाहायला यायचे तर आदल्या दिवशी कळवून यावे, हेही लिहून घ्यावे. परवान्यात जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, असे वाक्य सहसा असते आणि त्याचा आधार घेऊन दुसरी किल्ली वापरून लोक आत शिरतात. एकट्या राहणाऱ्या मुलींना याचा जो त्रास होतो तो मी जवळून पाहिला आहे. तो मुकाट्याने सोसण्याचा विषय नाही.

मुदत संपली आणि तुम्ही घर सोडले नाही, तर काय होते ते स्पष्ट सांगायला हवे. मालक कायद्याने या कामासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. परवाना संपल्यापासून दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई तुमच्यावर बसू शकते. नोटीस आली की तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही, तर तुमचे म्हणणे न ऐकताच घर खाली करण्याचा आदेश होतो. त्या आदेशावर अपील नाही, नव्वद दिवसांत फेरतपासणीचा अर्ज तेवढा करता येतो. म्हणून ती नोटीस टपालपेटीत पडू देऊ नका. आणि मुदत संपत असेल तर महिनाभर आधी नवा करार करा किंवा नवे घर बघा. मालकाशी संबंध चांगले आहेत म्हणून जुन्याच कागदावर राहत जाऊ नका.

पण याच कायद्यातून दुसरी एक गोष्ट उघड होते. मुदत संपल्यावरसुद्धा मालकाला अर्ज करावा लागतो. कायद्याने त्याला रस्ता दिला आहे, म्हणजे तो रस्ता सोडून स्वतःच कुलूप बदलण्याचा अधिकार त्याला नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जागेत स्थिरपणे राहत असलेल्या माणसाचा तिथे राहण्याचा हक्क उरला नसला, तरी मालकाने त्याला कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढले पाहिजे. सामान जिन्यात टाकणे, मीटरचा फ्यूज काढणे, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणे हे मार्ग कायद्याचे नव्हेत. भाडेकरूच्या बाबतीत पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई यांपैकी काहीही सबळ कारणावाचून तोडणे कलम २९ खाली गुन्हा आहे. परवानाधारकाने दिवाणी न्यायालयात जाऊन मनाई हुकूम घ्यावा. परवाना मध्येच रद्द केला, तरी घर सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ ने दिलेला आहे. पैसे घेऊन दिलेला परवाना तुमचा दोष नसताना मुदतीआधी मोडला, तर कलम ६४ नुसार भरपाई मागता येते. ही कलमे १८८२ ची आहेत. एवढी वर्षे ती तिथे आहेत आणि तरी किती जणांनी ती वापरली असतील?

पोलीस चौकीत गेलात तर ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ असे ऐकायला मिळते. भाडे किती थकले, डिपॉझिट किती द्यायचे, हे दिवाणीच आहे. मात्र ते दिवाणी आहे म्हणूनच पोलिसांनी मालकाच्या सांगण्यावरून तुम्हाला घराबाहेर काढणे कायद्यात बसत नाही. आणि धमकी, अंगावर येणे, दार अडवून ठेवणे हे दिवाणी नाही. तिथे तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

सोसायटीबद्दल दोन शब्द. आदर्श उपविधींनुसार सभासदाने आपले घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचे असते, तिची परवानगी मागायची नसते. सदस्य स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. पोलिसांना माहिती देण्याचे काम मालकाचे. तरीही अविवाहितांना घर नाही, रात्री दहानंतर फाटक बंद, भाडेकरूच्या पाहुण्यांनी लिफ्ट वापरायची नाही, असे नियम सूचनाफलकावर लागतात. कमिटीच्या ठरावाने कायदा होत नाही. मालकाने खमकेपणा दाखवला तर हे नियम टिकत नाहीत. तो बहुधा दाखवत नाही, कारण राहणारा बदलतो आणि शेजारी तेच राहतात.

आणि मग तो प्रश्न येतो, जो जाहिरातीत लिहिलेला नसतो. आडनाव काय? घरात काय शिजते? १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानाच्या नोकरीत आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. परिचितांनी दारे उघडली नाहीत. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. ही गोष्ट आपण आदराने सांगतो आणि दुसऱ्या दिवशी फोनवर विचारतो, ‘तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?’

कायदा इथे काय करतो? अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून रोखणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण नकार कधीच कारण सांगून येत नाही. ‘घर कालच गेलं’ एवढेच उत्तर मिळते. धर्माच्या बाबतीत परिस्थिती आणखी कठीण आहे. घटनेचे पंधरावे कलम दुकाने, उपाहारगृहे, पाणवठे यांत भेदभावाला मनाई करते, खासगी घरमालकाला मात्र थेट बांधत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा केवळ पारशी समाजाला सभासदत्व देण्याचा नियम वैध ठरवला. मुंबईत आणि पुण्यात मुसलमान डॉक्टरला, मुसलमान पत्रकाराला महिनोन्‌महिने घर मिळत नाही, हे सर्वांना माहीत आहे आणि त्यावर आपल्या कायद्याकडे उत्तर नाही. घर देणे हा एकदा व्यवसाय झाला, त्यातून उत्पन्न घेतले, त्यावर कर भरला, की ग्राहक निवडताना धर्म विचारण्याची मुभा असू नये, असे माझे ठाम मत आहे. विधिमंडळाने हे करायला हवे.

आता डिपॉझिटकडे पुन्हा येते, कारण तिथे राहणारा सर्वांत दुबळा आहे. १९९९ च्या कायद्यात डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा सुचवली आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. डिपॉझिट अडले तर राहणाऱ्याने काय करायचे? वकिलामार्फत नोटीस द्यायची आणि तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा लावायचा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. दावा लावण्यापूर्वी तिथे समेटाचा प्रयत्नही करता येतो, आणि मी तो आधी करायला सांगते. पण नव्वद हजारांसाठी दोन-तीन वर्षे तारखा घेत बसणे नर्सला परवडत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. म्हणूनच लोक शेवटचे काही महिने भाडे न देता डिपॉझिट ‘राहून फेडतात’. करारात तशी तरतूद नसेल तर तो भाडे थकवल्याचा ठपका ठरतो. तरीही त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही.

इथे कायद्याचा कल उघड दिसतो. मुदत संपल्यावर मालकाला घर परत हवे असेल, तर त्याच्यासाठी सक्षम प्राधिकारी आहे, तीस दिवसांची नोटीस आहे, संक्षिप्त कार्यपद्धती आहे. त्याच करारातून, त्याच दिवशी राहणाऱ्याला डिपॉझिट परत हवे असेल, तर त्याच्यासाठी तो दरवाजा नाही. मालकाला लवकर न्याय मिळू नये असे मी म्हणत नाही. त्या धास्तीमुळे घरे कुलूपबंद झालेली आपण पाहिली आहेत. पण ज्या अधिकाऱ्यासमोर नोंदणीकृत करार निर्णायक पुरावा म्हणून ठेवला जातो, त्यालाच त्या करारातल्या डिपॉझिटचा हिशेब करून आदेश देता येणार नाही, याला काय कारण आहे? करार समोर आहे, रक्कम लिहिलेली आहे, ताबा दिल्याची तारीख आहे. कलम २४ मध्ये एका पोटकलमाची भर घाला: ताबा परत दिल्यानंतर डिपॉझिट मिळाले नाही, तर परवानाधारकही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकेल, त्याच मुदतीत निकाल लागेल आणि उशिराबद्दल मालकालाही दुप्पट द्यावे लागेल. नवे न्यायालय उभारावे लागत नाही की नवा अधिकारी नेमावा लागत नाही. या सभागृहात आजी-माजी लोकप्रतिनिधी बसले आहेत. त्यांनी पुढच्या अधिवेशनात एवढी एक दुरुस्ती मांडावी, ही माझी मागणी आहे आणि तिचा लेखी मसुदा मी आज संयोजकांकडे दिलेला आहे.